सदरा सैल होतो तेव्हा

गिरणाकाठचा मुलूख हा तोलण्यामापण्याचा मुलूख आहे. भडगाव, पाचोरा, चाळीसगाव या पट्ट्यात दिवाळीच्या आगेमागे कापूस घरी येऊ लागला की जो तो काट्याची भाषा बोलू लागतो. भरली गाडी किती भरली, रिती किती भरली, ओलाव्यापोटी व्यापाऱ्याने किती कापले, हा हिशेब शाळेचे तोंड न पाहिलेली म्हातारीदेखील बोटांवर करून दाखविते. केळीचा घड हातात तोलून त्याचे वजन किलोच्या आतबाहेर अचूक सांगणारी माणसे आम्ही येथे पाहिली आहेत. दूध मापून जाते, बोकड उचलून पाहून विकला जातो, सोने गुंजभर कमी भरले तर सराफाशी वाद होतो. एवढ्या या तोलामापाच्या जगात एकच गोष्ट वर्षानुवर्षे काट्यावर चढत नाही, ती म्हणजे घरचे माणूस.

लहानपणी ते चढलेले असते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडीत पोराला दरमहा तराजूच्या झोळीत बसवून त्याच्या वाढीची रेघ कागदावर काढण्याचा प्रघात पडला. पुढे मुलीला दिवस गेले की ती पुन्हा काही महिने काट्यावर उभी राहते. मधल्या आणि नंतरच्या साऱ्या आयुष्याची नोंद कोठेच नसते. पूर्वी मोठ्या रेल्वे स्थानकांवर रंगीत दिव्यांची वजनयंत्रे असत. नाणे टाकले की जाड कागदाचे तिकीट खाली पडे; त्यावर वजनही असे आणि भविष्यही. लोक भविष्य हसत हसत मोठ्याने वाचीत आणि तिकीट रुळांवर फेकून देत.

आम्ही वैद्य नव्हे. आमचा अधिकार एवढाच की खानदेशात विखुरलेल्या आपल्या कुटुंबांच्या भेटीसाठी वर्षभर एस.टी.ने आणि मोटारसायकलने हिंडणे होते आणि चहाच्या कपाबरोबर घरोघरी प्रकृतीच्या गोष्टी निघतात. ‘‘बठ्ठं बराबर शे, फादर,’’ असे पहिले उत्तर मिळते. दुसरा कप संपेपर्यंत खरे उत्तर बाहेर येते. शिवाय आजाऱ्याच्या तैलाभ्यंगासाठी आम्हांस बोलावणे येते, आणि ते बहुधा उशिरा येते. खाटेवरच्या माणसाच्या तळहाताला तेल लावताना त्याच्या मनगटाचे हाड आमच्या बोटांना लागते. आणि ओसरीवर आल्यावर कोणीतरी हळूच सांगते, ‘‘पोळ्यापासूनच वाळत चालले होते हो.’’ पोळा श्रावण अमावास्येला, आमचे बोलावणे माघाच्या अखेरीस. सहा महिने ते घर सारे काही डोळ्यांनी पाहत होते. त्या सहा महिन्यांविषयी आम्हांस लिहावयाचे आहे.

या अवस्थेसाठी मराठीपाशी शब्दांचा तोटा नाही. माणूस वाळतो, रोडावतो, हडकतो, खंगतो, झिजतो, सुकतो. त्याची गालफडे बसतात, गळ्याची हाडे वर येतात. जेवढे शब्द तेवढीच कारणेही तयार असतात. ऊन बाधले. पोरीच्या लग्नाची काळजी लागली. कोणाची नजर लागली. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली तेव्हापासून त्यांनी अंगच धरले नाही. आपल्या कुटुंबांत यांत एका कारणाची भर पडते: उपवासकाळ. मागे एका गृहस्थांनी आपल्या सैल सदऱ्याचा खुलासा असाच केला. आता चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेनुसार बंधनकारक उपवासाचे दिवस वर्षात दोनच, राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार. आणि साठाव्या वर्षात पाऊल टाकले की तेही बंधन उरत नाही. गृहस्थ बासष्ट वर्षांचे होते. दोन दिवसांच्या उपवासाने सात किलो उतरत नाहीत, असे आम्ही त्यांस म्हणालो तेव्हा ते हसले. पण त्यांच्या पत्नी हसल्या नाहीत.

ही कारणे खोटी असतात असे आम्ही म्हणत नाही. काळजीने माणूस झिजतो, हे खरेच. त्यांचा दोष एवढाच की ती फार लवकर सापडतात, आणि कारण सापडले की शोध थांबतो.

वैद्यकशास्त्राने यासाठी एक सोपी रेघ आखली आहे. खाणे मुद्दाम कमी केले नाही, कष्ट वाढविले नाहीत, आणि तरीही सहा ते बारा महिन्यांत वजन शेकडा पाचाहून अधिक घटले, तर ते दुर्लक्षिण्याजोगे नव्हे. साठ किलोच्या पुरुषाचे तीन किलो. चव्वेचाळीस किलोच्या बाईचे जेमतेम सव्वादोन किलो. हा दुसरा हिशेब आपल्याकडे विशेष ध्यानात धरावयास हवा. मुळातच सडपातळ असलेल्या बाईचे दोन किलो गेले तर ते कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीत. ‘ती पहिल्यापासून तशीच’ असे म्हणून विषय मिटतो. जाड माणसाचे दहा किलो गेले तर उलट त्याचे अभिनंदन होते. घरात काटा नसेल तरी साक्षीदार असतात. पट्ट्याला पाडलेले नवे भोक, कोपरापर्यंत सरकणाऱ्या बांगड्या, दोन्ही बाजूंनी टीप घालून घेतलेले पोलके, बोलताना खाली येणारी कवळी. हे साक्षीदार खोटे बोलत नाहीत. काटा मात्र एका बाबतीत फसवितो. हृदय, यकृत वा मूत्रपिंड थकले की अंगात पाणी साचते. पाय सुजतात, पोट वाढते. तेव्हा मांस झडत असूनही आकडा जागचा हलत नाही.

यानंतर विचारण्याचा प्रश्न एकच, आणि तो विचारावयास पदवी लागत नाही: भूक कशी आहे? भूक मेली असून वजन घटते आहे, की जेवण नेहमीसारखे, किंबहुना अधिक असूनही घटते आहे? या एका प्रश्नाने वाट दुभंगते.

भूक असून वाळणाऱ्यांत आपल्याकडे पहिला संशय मधुमेहाचा. भडगावाजवळच्या एका खेड्यातील निवृत्त गुरुजींची गोष्ट सांगण्याजोगी आहे. त्यांचे पोट आत गेले, चाल हलकी झाली, आणि सारा गाव त्यांच्या पहाटेच्या फिरण्याचे कौतुक करू लागला. गुरुजी तांब्याभर पाणी उशाशी घेऊन निजत आणि रात्रीतून चार वेळा उठत, हे घरातल्यांना ठाऊक होते; उन्हाळा आहे, असे म्हणून त्यांनी ते सोडून दिले होते. मोरीत मुंग्या लागतात, हे प्रथम त्यांच्या सुनेने बोलून दाखविले. त्याच आठवड्यात रक्ताची तपासणी झाली आणि कारण हाती आले. मधुमेहात अन्नाची साखर रक्तात येते, पण इन्सुलिनवाचून ती पेशींच्या दारातून आत जाऊ शकत नाही. लघवीवाटे वाहून जाते आणि जाताना पाणीही ओढून नेते. भरल्या घरात उपासमार व्हावी तसे शरीर मग आपलीच चरबी आणि आपलेच स्नायू जाळू लागते. इन्सुलिन हाती येण्यापूर्वी या रोगाची मुले अक्षरशः सापळे होऊन मरत. ११ जानेवारी १९२२ रोजी कॅनडातील टोरांटो शहरात ज्या मुलास इन्सुलिनची पहिली सुई टोचली गेली, तो लिओनार्ड थॉम्पसन चौदा वर्षांचा होता आणि त्याचे वजन होते सुमारे एकोणतीस किलो.

‘मधुमेह हा जाड्या आणि सुखवस्तू माणसांचा रोग’ ही समजूत खेड्यांत अजून घट्ट आहे. सुश्रुताने कृश आणि स्थूल असे प्रमेहाचे दोन रोगी पूर्वीच वेगळे केले होते. आपल्या काळात पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ही गोष्ट मोठ्या गमतीने मांडली. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आपले आणि आपले इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी शेकडा नऊ, तर याज्ञिकांच्या शरीरात शेकडा एकवीस. बाहेरून बारीक आणि आतून चरबीयुक्त, असा आपला हिंदी देह आहे. पुढे एप्रिल २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने कुपोषणातून उद्भवणाऱ्या मधुमेहास पाचवा प्रकार म्हणून मान्यता दिली. गरीब घरची हडकुळी तरुण माणसे त्याच्या तावडीत सापडतात. तेव्हा ‘त्याला कसला मधुमेह, तो तर काडी आहे’ हे वाक्य आपण ओठांवर येऊ देऊ नये हे बरे.

गळ्यातील थायरॉइड ग्रंथी अतिउत्साहाने काम करू लागली तरीही भूक वाढते आणि वजन घटते. छाती धडधडते, हात थरथरतात, थंडीतही घाम फुटतो, झोप उडते. घरातले म्हणतात, स्वभाव तापट झाला. एका रक्ततपासणीने उलगडा होतो आणि औषधाने बहुतेकांस आराम पडतो.

आता भूक मेलेल्यांकडे वळू. येथे क्षयाचे नाव प्रथम घ्यावे लागते. या रोगाचे नावच मुळी ‘घट’. आपल्या पूर्वजांनी त्याचे नामकरण खोकल्यावरून केले नाही, तापावरून केले नाही. माणूस कमी कमी होत जातो, त्यावरून केले. बायबलच्या जुन्या करारातील नियमशास्त्रात शापाच्या यादीत या रोगाचा उल्लेख येतो, तेथेही मूळ हिब्रू शब्दाचा रोख झिजण्याकडेच आहे. पुराणांनी तर तो कलेकलेने झिजणाऱ्या चंद्राला जडविला.

मराठी माणसास या रोगाची आठवण डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या नावासह होते. कल्याणची ही मुलगी १८८३ साली अमेरिकेस निघाली, त्याच्या एकच वर्ष आधी, २४ मार्च १८८२ रोजी, रॉबर्ट कॉख यांनी बर्लिन येथे क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले होते. ११ मार्च १८८६ रोजी तिला वैद्यकाची पदवी मिळाली. कोल्हापूरच्या रुग्णालयात तिची नेमणूकही झाली होती. परंतु ती परतली ती आजारी होऊन, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने तिचा अंत झाला. वय वर्षे एकवीस. शत्रूचे नाव कळले होते, शस्त्र मात्र अजून सापडावयाचे होते. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ सालचा.

मधल्या काळात श्रीमंतांनी थंड हवेच्या ठिकाणी जावे, इतरांनी घरातच झिजावे, अशी रीत होती. पाचगणीचे बेल-एअर आरोग्यधाम डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली काढले ते यासाठीच. पुढे औषधे आली आणि मद्रासमध्ये १९५६ पासून झालेल्या एका अभ्यासाने साऱ्या जगाची रीत बदलली. रुग्णांचा एक गट आरोग्यधामात आणि दुसरा आपापल्या गरीब, दाटीवाटीच्या घरांत, दोघांना औषध सारखेच, असे ठेवून पाहिले असता घरी राहणारेही तसेच बरे झाले. आणि त्यांच्या घरच्यांना आरोग्यधामातल्या रुग्णांच्या घरच्यांहून अधिक लागण झाली नाही. तेव्हापासून क्षय हा घरी राहून बरा होण्याचा रोग आहे.

हे आम्ही विस्ताराने लिहितो आहोत, कारण घरी बऱ्या होणाऱ्या या रोगाला घरच सर्वाधिक घाबरते. गिरणेपलीकडच्या एका खेड्यात, मळ्यातल्या घरी, आम्ही एका तरुण सुनेला पाहिले. नवी नवरी म्हणून आली होती तेव्हाच्या फोटोतली आणि समोर पाण्याचा तांब्या घेऊन आलेली, या दोघी एकच आहेत हे आम्हांस सांगावे लागले. ‘‘भूक नही लागस,’’ एवढेच ती म्हणाली. सासूबाईंचे निदान तयार होते: माहेरची ओढ. संध्याकाळी अंग कोमट होते, पहाटे उशी घामाने भिजते, हे विचारल्यावर कळले. खोकला होता, पण तो चुलीच्या धुराच्या खात्यावर मांडला गेला होता. दवाखान्यात न नेण्याचे खरे कारण मात्र तिसऱ्याच कोणीतरी आम्हांस वाटेत सांगितले. धाकट्या नणंदेची सोयरीक जुळत आली होती, आणि ‘त्या घरात टीबी आहे’ हे शब्द पाहुण्यांच्या कानी जावेत हे कोणालाच नको होते.

तिची थुंकी तपासली गेली तेव्हा ती सदतीस किलोची होती. उपचार सुरू झाला. साध्या क्षयाचा हा उपचार सहा महिन्यांचा, सरकारी दवाखान्यात विनामूल्य. आणि गोळ्या किती द्यावयाच्या हे ठरते रुग्णाच्या वजनावरून, म्हणून येथे काटा हे औषधाचेच एक उपकरण आहे. पहिल्या आठवड्यातच सासरी तिचे ताट-वाटी वेगळे झाले. त्याची काहीच गरज नव्हती. हा रोग हवेतून पसरतो, भांड्यांतून नाही. उष्ट्या वाटीपेक्षा बंद खिडकीला अधिक भ्यावे. उपचार लागू पडला की काही आठवड्यांतच संसर्गाचे भय पुष्कळ ओसरते. सहा महिन्यांनी ती सेहेचाळीस किलोची झाली. नणंदेचे लग्नही पार पडले, त्याच घरात, आणि जेवणाच्या पंगतीत ती वाढत होती.

क्षय आणि वजन यांचे नाते दुहेरी आहे. रोगाने वजन घटते. आणि ज्यांचे वजन मुळातच कमी, त्यांना रोग लवकर गाठतो. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात डॉ. अनुराग व डॉ. माधवी भार्गव यांनी एक मोठा अभ्यास केला. सुमारे २,८०० रुग्णांना औषधाबरोबर दरमहा शिधा देण्यात आला. निम्म्या गटांत घरच्या इतर माणसांनाही तांदूळ, तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. ज्या घरांतील सर्वांना शिधा मिळाला, तेथे नव्याने क्षय होण्याचे प्रमाण जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटले. ज्या रुग्णांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत शेकडा पाचाने वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका साठ टक्क्यांच्या आसपास कमी आढळला. तूरडाळीची ही करामत आहे. निक्षय पोषण योजनेत एप्रिल २०१८ पासून रुग्णाला दरमहा ५०० रुपये मिळू लागले आणि नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले, त्यामागचा विचार हाच. ही रक्कम रुग्णाच्या ताटातच यावी, एवढे घरच्यांनी पाहावे. आणि खोकला नाही म्हणून क्षय नाही, असे कोणी समजू नये. तो आतड्यांत, मानेच्या गाठींत, मणक्यांतही बसतो.

ज्या काळात मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या आणि जळगावातून जाणाऱ्या महामार्गावरच्या मालमोटारींच्या चालकांविषयी कुजबुज चाले, तो काळही आम्हांस आठवतो. युगांडात १९८० च्या दशकात एच.आय.व्ही.च्या आजाराला लोक ‘स्लिम’ म्हणजे ‘सडपातळ’ असेच म्हणत. १ एप्रिल २००४ पासून आपल्या देशात त्याची औषधे सरकारतर्फे विनामूल्य मिळू लागली, आणि त्या औषधांवर माणसे आपली मुले मोठी होताना पाहत आहेत. वजन घटलेल्या माणसास डॉक्टरांनी ही तपासणी सुचविली तर ती चारित्र्याची चौकशी नव्हे, हे कुटुंबाने समजून घ्यावे. क्षयाच्या प्रत्येक रुग्णाची ती तपासणी करतातच.

खानदेशी माणूस आणि तिखट यांच्या नात्याबद्दल वेगळे सांगावयास नको. कळण्याची भाकरी, वांग्याचे भरीत, वर मिरचीचा ठेचा. डोळ्यांतून पाणी आले तरी हात थांबत नाही. म्हणून अशा घरात एखादा माणूस ‘माझी भाजी जरा फिकी काढ’ म्हणू लागला, तर घरच्या बाईने थबकावे. आमच्या परिचयाच्या एका कष्टाळू, हसऱ्या शेतकऱ्याच्या बाबतीत हेच प्रथम घडले. वय चौपन्न. गालात सुपारी-तंबाखूची गोळी विशीपासून. आधी ठेचा सुटला, मग रस्सा झोंबू लागला, मग भाकरी दुधात कुस्करून खाणे सुरू झाले. वर्षभरात नऊ किलो उतरले. ‘दाढ दुखते’ हे त्याचे उत्तर. सुपारीने तोंडाच्या आतले अस्तर ताठर होते आणि जबडा उघडेनासा होतो; या विकाराला आज जे नाव आहे ते मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ साली दिले. निरोगी तोंडात आपली तीन बोटे उभी धरून जातात. याच्या तोंडात एक जात होते आणि गालाच्या आत न भरणारी जखम होती. चाळीसगावाहून रात्रीच्या गाडीने त्याला परळच्या टाटा रुग्णालयात नेले. २८ फेब्रुवारी १९४१ पासून महाराष्ट्रातील किती गाड्यांतून किती माणसे अशी तेथे उतरली असतील! शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाला. तो आणखी दोन वर्षे जगला. मुलीचे लग्न त्याने पाहिले, जेवला मात्र नाही.

तोंडाच्या कर्करोगाने गाठलेली मोठी माणसेही महाराष्ट्राने पाहिली आहेत. शरद पवार यांच्यावर २००४ साली शस्त्रक्रिया झाली आणि पुढे ते आपल्या जुन्या सवयीबद्दल उघडपणे बोलत राहिले. आर. आर. पाटील यांना १६ फेब्रुवारी २०१५ रोजी या रोगाने नेले. गुटख्यावर राज्यात जुलै २०१२ पासून बंदी आहे. पुड्या कोठे मिळतात, हे मात्र शाळेतली मुलेही सांगू शकतात.

पोटातले कर्करोग अधिक गुप्त असतात. दोन घासांतच पोट भरल्यासारखे वाटणे, घास छातीत अडकणे, शौचास काळी होणे, कावीळ. यांच्या जोडीने वजन उतरत असेल तर एक आठवडाही थांबू नये. कर्करोगात माणूस केवळ कमी जेवल्याने वाळत नाही. रोगामुळे शरीरात अशी काही द्रव्ये सुटतात की ती भूकही मारतात आणि स्नायूही वितळवितात. म्हणून डिंकाच्या लाडवांनी आणि साजूक तुपाने तो भरून येत नाही, आणि बिचारी बायको समजते की आपलेच करणे कमी पडले.

सारेच वाळणे रोगाचे नसते. एका गावी मोठ्या माडीच्या घरात एक विधवा आजी एकट्याच राहत. एक मुलगा सुरतेला, दुसरा पुण्याला. दोघांनी मिळून आजींच्या साऱ्या तपासण्या करविल्या. काही निघाले नाही. आम्ही एकदा न कळविता दुपारी गेलो. चूल थंड होती. आजींनी चहात बटर बुडवून खाल्ले होते, सकाळीही तेच. कवळी डबीत होती. हिरड्या आटल्यामुळे ती बसत नव्हती. ‘‘एकटीसाठी काय रांधायचे?’’ असे त्या म्हणाल्या, आणि मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. वृद्धांत वजन घटण्याच्या कारणांमध्ये मनाचे नैराश्य अगदी वरच्या क्रमांकाला असते, आणि ते औषधाने व सोबतीने सुधारते. कधी जेवलो की नाही हेच आठवत नाही. कधी दुसऱ्याच रोगासाठी चालू असलेल्या गोळ्यांनी तोंडाची चव जाते. आजींना नवी कवळी मिळाली आणि शेजारच्या घरी दुपारचे ताट ठरले. मुलगे महिन्याला पैसे पाठवितात, आजी शेजारणीची मुले सांभाळतात. त्यांचे वजन किती वाढले ते आम्हांस ठाऊक नाही; कोणाची तरी तक्रार करण्याइतका आवाज मात्र पुन्हा चढला आहे.

एका गोष्टीची आम्हांस चीड आहे आणि ती आम्ही लपवीत नाही. वाळलेला माणूस प्रथम ज्याच्याकडे जातो तो बहुधा कोपऱ्यावरचा सुईवाला असतो. सलाइनची बाटली, ‘ताकदीचे’ इंजेक्शन, भूक वाढविणारे गोड औषध. त्या सुईत कित्येकदा स्टेरॉइड असते. चार दिवसांत भूक लागते, चेहरा भरतो, घरात आनंद होतो. आत क्षय असेल तर त्याला मात्र रान मोकळे मिळते, आणि मधुमेह असेल तर साखर भडकते. हा भरलेला चेहरा आरोग्याचा नसून सुजेचा असतो.

खरी तपासणी फार अवघडही नाही. रक्ताचे साधे घटक, साखर, थायरॉइड, यकृत व मूत्रपिंड यांचे काम, लघवी, एच.आय.व्ही., छातीचे क्ष-किरण चित्र, पोटाची सोनोग्राफी, आणि थुंकी. भडगावास ग्रामीण रुग्णालय आहे. त्यापुढे लागेल ते जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात होते. हे २०१८ सालचे. त्यापूर्वी कित्येक वर्षे धुळ्याची वाट धरावी लागे. थुंकीतला क्षयाचा जंतू तासा-दोन तासांत ओळखणारे ट्रूनॅट हे यंत्र गोव्यातील कंपनीने बनविले आहे, आणि २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यास मान्यता दिली. एवढे सारे करूनही सुमारे चौथ्या हिश्शाच्या रुग्णांत कारण सापडत नाही. त्याने घाबरून जाऊन दारोदार हिंडू नये. पहिल्या सर्व तपासण्या निर्दोष निघाल्या तर आत भयंकर काही दडले असण्याचा संभव बराच कमी होतो. तीन ते सहा महिने वजनावर लक्ष ठेवून पुन्हा दाखवावे, असाच सल्ला डॉक्टर देतात.

त्या वेळी डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, तो हा: पूर्वी वजन किती होते? आणि पाचोऱ्याहून, कजगावाहून, मजुरी बुडवून आलेले ते कुटुंब एकमेकांच्या तोंडाकडे पाहते. ‘बरे होते,’ असे उत्तर मिळते.

ख्रिस्तमंदिराच्या सॅक्रिस्टीत आम्ही एक साधा काटा आणून ठेवला आहे. मिस्सा झाल्यावर ज्याला हवे तो उभा राहतो. सुरुवातीस बायकांनी पुरुषांसमोर चढावयास नकार दिला, म्हणून तो पडद्याआड गेला. पुरुषांनी खिशातल्या किल्ल्या काढून ठेवाव्यात की नाही यावर वाद झाला. वजन आम्ही लिहून ठेवीत नाही. ज्याचे त्याने घरी न्यावे. एका बाईंनी ते कोठे लिहिले ते परवा दाखविले. भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या पानामागे, जेथे दुधाचा हिशेब असतो, तेथे खाली पेन्सिलीने चौघांची नावे, तारीख आणि चार आकडे. नवऱ्याच्या आकड्याखाली पुढल्या महिन्याची जागा त्यांनी रिकामी सोडली होती.